चूक सांगणारे शब्द कोठें ठेवावे ?

लग्नकार्याचीं मोठीं भांडीं आपण स्वयंपाकघरांत ठेवीत नाहीं. सतेलीं, घंगाळें, पराती हा सारा पसारा माळ्यावर असतो. रोज लागणारी कढई हाताशीं आणि वर्षांतून एकदां लागणारा हंडा माळ्यावर, ही व्यवस्था कोणा शास्त्रज्ञानें शिकविलेली नाहीं. घर लहान असलें कीं ती आपोआप सुचते. श्रोतेहो, संगणकाच्या इतिहासांत हाच प्रश्न एका चमत्कारिक वस्तूविषयीं उत्पन्न झाला आणि त्याचें उत्तर शोधण्यांत मोठमोठ्या बुद्धिमान माणसांनीं आपलें डोकें शिणविलें. ती वस्तु म्हणजे चूक झाल्याची वर्दी. जिला आपण घरींदारीं 'एरर मेसेज' म्हणतों ती.

हा मेसेज येतो कोठून, असें आपण सहसा विचारीत नाहीं. पडद्यावर 'फाइल सांपडली नाहीं' अशीं अक्षरें उमटलीं कीं आपलें लक्ष त्या फाइलीकडे जातें, अक्षरांकडे जात नाहीं. परंतु तीं अक्षरें कोणी तरी आधींच लिहून ठेवलेलीं असतात आणि चूक होईपर्यंत तीं कोठें तरी मुकाट्यानें पडून असतात. प्रोग्रॅम लिहिण्याच्या ज्या भाषा आहेत, त्यांतील बहुतेक प्रत्येकीबरोबर एक मदतनीस येतो. लिहिलेला प्रोग्रॅम चालूं असतां तो त्याच्या पाठीशीं उभा राहतो, त्याला जागा देतो, हिशेब पाहतो आणि कांहीं बिघडलें तर मालकाला खबर देतो. त्याला इंग्रजींत रनटाइम म्हणतात व मराठींतहि तोच शब्द रूढ झाला आहे. या रनटाइमच्या पदरीं शेंकडों, कधीं हजारों वाक्यें असतात. प्रोग्रॅम सुरळीत चालला तर त्यांतलें एकहि वाक्य उच्चारावें लागत नाहीं. मग जें बहुधा बोलावयाचेंच नाहीं, तें सदैव तोंडांत धरून कां बसावें ? ही झाली एक बाजू. दुसरी बाजू अशी कीं, आग लागल्यावर पाण्याची बादली माळ्यावरून काढावयाची म्हटलें, तर शिडीच जळून गेलेली असण्याचा संभव असतो. या दोन बाजूंची ओढाताण सुमारें ७० वर्षें चालली आहे.

आरंभींच्या यंत्रांपाशीं बोलावयाला शब्दच नव्हते. केंब्रिज येथें मॉरिस विल्क्स यांच्या देखरेखीखालीं तयार झालेलें एडसॅक हें यंत्र १९४९ च्या मे महिन्याच्या ६ तारखेस प्रथम चाललें. पाऱ्यानें भरलेल्या नळ्यांतून लहरी फिरवीत ठेवून त्यांत आंकडे साठवावयाचे, अशी त्याची रीत होती. आणि अशा अवघ्या ५१२ पदांना त्यांत आरंभीं जागा होती. प्रोग्रॅम चुकला तर यंत्र थांबे, किंवा न थांबतां भलतेंच कांहीं छापीत सुटे. काय चुकलें तें माणसानें ओळखावें. विल्क्स यांनीं पुढें आपल्या आठवणींत सांगितलें आहे कीं, जिन्याच्या वळणावर असतां त्यांना एकाएकीं उमगलें, उरलेल्या आयुष्याचा बराचसा भाग आपण आपल्याच प्रोग्रॅममधील चुका शोधण्यांत घालविणार आहों.

यंत्र माणसाशीं वाक्यांत बोलूं लागलें त्याची एक कथा १९५७ ची आहे. आय. बी. एम. कंपनीच्या ७०४ या यंत्रासाठीं जॉन बॅकस व त्यांचे सहकारी यांनीं फोर्ट्रान ही भाषा त्या वर्षीं पुरी केली. माणसानें लिहिलेल्या सूत्रांचें यंत्राच्या आंकडी बोलींत भाषांतर करणारा जो प्रोग्रॅम, ज्याला कंपायलर म्हणतात, तो इतका मोठा झाला कीं तो एका वेळीं यंत्रांत मावेना. चुंबकीय फितीवरून त्याचे भाग एकामागून एक आंत आणावे लागत. त्या वर्षींच्या एप्रिलांत पिट्सबर्गजवळच्या वेस्टिंगहाउसच्या बेटिस प्रयोगशाळेंत हर्बर्ट ब्राइट यांच्याकडे टपालानें भोंकें पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा आला. बरोबर माहितीची पुस्तिका नव्हती. हा फोर्ट्रानच असावा असा तर्क करून त्यांनीं तो यंत्रांत घातला आणि चांचणीसाठीं एक प्रोग्रॅम पुढें केला. यंत्रानें छापून दिलें तें असें कीं, या तऱ्हेच्या वाक्यांत कंस पुरा झाल्यावर स्वल्पविराम पाहिजे, तो येथें नाहीं. पाहतात तों खरोखरच स्वल्पविराम राहून गेलेला ! छत्तीस वर्षें मुलांच्या मागें स्वल्पविरामासाठीं लागलेल्या माझ्यासारख्या मास्तराला ही कथा फार प्रिय वाटते.

पण अशी पूर्ण वाक्यें ही त्या काळीं चैन होती. सर्वसाधारण रीत अशी कीं, यंत्रानें एक क्रमांक द्यावा आणि माणसानें त्याचा अर्थ पुस्तकांत पाहावा. आय. बी. एम. नें १९६४ मध्यें सिस्टिम ३६० ही यंत्रमाला जाहीर केली. तिच्यासाठीं संदेश व संकेत यांचीं जाडजूड पुस्तकें निघालीं. संदेशाच्या आरंभीं तीन अक्षरांची खूण असे, त्यावरून प्रोग्रॅमचा कोणता भाग बोलत आहे तें कळे, मग क्रमांक, आणि शेवटीं एक अक्षर, ज्यावरून ही केवळ माहिती आहे कीं यंत्रचालकानें कांहीं करावयास पाहिजे, याचा उलगडा होई. 'शून्य-सी-सात' असा संकेत आला म्हणजे जेथें दशांशपद्धतीचा आंकडा असावयास हवा तेथें भलतेंच कांहीं आहे, हें त्या पेशांतल्या माणसाला पाठ असे. म्हणजे वाक्यांचें कोठार यंत्राच्या बाहेर, टेबलावरच्या पुस्तकांत होतें. आणि तें उघडून पाहणारा रनटाइम म्हणजे स्वतः माणूस. गरज पडेल तेव्हांच पान उघडावें, हें तत्त्व येथें पूर्णपणें आलेलें आहे. फक्त त्याचे श्रम माणसाच्या माथीं होते.

कांहीं शिक्षक मुलांच्या वह्यांत चुकीखालीं तांबडी रेघ मारून समासांत केवळ एखादा आंकडा घालतात. त्या आंकड्याचा अर्थ पहिल्या पानावरच्या यादींत शोधावयाचा असतो. शिक्षकाचा वेळ वांचतो यांत शंका नाहीं. पण हुशार मूल यादी उघडतें, आणि ज्याला खरी गरज असते तें मूल वही मिटून टाकतें. क्रमांकाच्या पद्धतीविषयीं माझें मत यावरून ध्यानांत यावें.

घरगुती संगणक आले तेव्हां हीच टंचाई पुन्हां पहिल्यापासून सुरू झाली. १९७५ मध्यें अल्टेर या यंत्रासाठीं बिल गेट्स, पॉल ॲलन व मॉन्टी डेव्हिडॉफ यांनीं बेसिक भाषा लिहिली, तिची सर्वांत लहान आवृत्ति ४,०९६ बाइटांच्या यंत्रांत बसवावयाची होती. एका बाइटांत एक अक्षर मावतें असें समजा. त्यांतच भाषा, त्यांतच रनटाइम, आणि उरेल तेवढ्या जागेंत मालकाचा प्रोग्रॅम ! वीस चुकांसाठीं वीस-वीस अक्षरांचीं वाक्यें ठेवलीं असतीं, तर जागेचा दहावा हिस्सा त्यांतच गेला असता. म्हणून दोन-दोन अक्षरांवर भागविलें. व्याकरण चुकलें तर 'एस-एन', जागा संपली तर 'ओ-एम'. इंग्लंडांत सिंक्लेअर यांच्या यंत्रांची प्रगति तर पायरीपायरीनें दिसते. १९८० चें झेड-एक्स ८० आणि १९८१ चें झेड-एक्स ८१ हीं यंत्रें पडद्याच्या तळाशीं नुसता संकेत आणि ओळीचा क्रमांक दाखवीत. '२/२०' याचा अर्थ, विसाव्या ओळींत असें नांव आलें आहे कीं ज्याची किंमत आजवर ठरविलेली नाहीं. १९८२ च्या स्पेक्ट्रमला कायमची स्मृति दुप्पट, म्हणजे १६ किलोबाइट मिळाली, आणि लगेच त्या संकेतापुढें चार शब्द आले. जागा मिळतांच यंत्र बोलूं लागलें; त्याच्या मुकेपणाला दुसरें कांहीं कारण नव्हतें.

आतां या विषयाच्या गाभ्याकडे येतों. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील शाखेंत १९७० नंतरच्या दशकांत युनिक्स ही व्यवस्था पीडीपी-११ जातीच्या यंत्रांवर चालत असे. या यंत्रांत पत्ता १६ अंकांचा, आणि तेहि अंक केवळ शून्य व एक. त्यामुळें प्रोग्रॅमला एका वेळीं ६५,५३६ घरांपलीकडे पाहतांच येत नसे. थोरल्या यंत्रांत सूचनांसाठीं तेवढीं घरें आणि माहितीसाठीं तेवढींच निराळीं घरें मिळत. पण मर्यादा ती मर्यादाच. तेथील विद्यार्थी बिल जॉय आणि चक हेली पास्कल या भाषेच्या व्यवस्थेवर काम करीत होते. पास्कल ही शिकण्याशिकविण्यासाठीं रचलेली भाषा. तिचे वापरणारे नवशिके, म्हणजे चुका पुष्कळ; आणि नवशिक्याला 'एस-एन' सांगून भागत नाहीं, त्याला सविस्तर वाक्यच सांगावें लागतें. समजा, अशीं ३०० वाक्यें आहेत व प्रत्येक ४० अक्षरांचें आहे. झालीं १२,००० घरें. जवळजवळ पांचवा हिस्सा !

शिवाय आणखी एक अडचण होती. एकाच यंत्रावर अनेक विद्यार्थी एकदम बसलेले असत. सर्वांचे प्रोग्रॅम स्मृतींत मावत नसत, म्हणून ज्याची पाळी नाहीं त्याचा प्रोग्रॅम उचलून डिस्कवर ठेवावयाचा आणि पाळी आली कीं परत आणावयाचा, असें चाले. त्या प्रत्येक फेरीबरोबर तीं ३०० वाक्येंहि बाडबिस्तऱ्यासह जात येत. न बोललेलें वाक्य दिवसांतून कितीदां तरी वाहून न्यावें लागे.

जॉय यांनीं १९७७ च्या ऑगस्टांत यावर एक लहानसा प्रोग्रॅम लिहिला, त्याचें नांव 'एमके-एसटीआर'. त्याची करणी ऐकण्यासारखी आहे. सी भाषेंत लिहिलेल्या प्रोग्रॅमचा मजकूर तो आरंभापासून वाचीत जाई. जेथें जेथें 'एरर' हा शब्द, पुढें कंस आणि कंसांत अवतरणचिन्हांतलें वाक्य आढळे, तेथें तेथें तो तें वाक्य काढून एका निराळ्या फाइलींत शेवटीं चिकटवी. आणि मूळ जागीं त्या वाक्याऐवजीं तें फाइलींत कितव्या अक्षरापासून सुरू होतें, तो आंकडा लिही. म्हणजे 'अर्धविराम राहिला आहे' या वाक्याच्या ठिकाणीं प्रोग्रॅममध्यें समजा ४,१२५ एवढेंच राही. प्रोग्रॅम चालूं असतां चूक झाली कीं रनटाइम ती फाइल उघडी, ४,१२५ व्या अक्षरावर जाई, तेथून वाक्य वाची आणि छापी. एकहि चूक झाली नाहीं, तर फाइल उघडलीच जात नसे. या उपकरणाच्या माहितीपत्रकांत त्याचा हेतुहि स्पष्ट सांगितला होता : प्रोग्रॅम पुष्कळ लहान होतो, आणि संदेशांची सारखी ने-आण टळते. मार्च १९७८ मध्यें बर्कलेच्या सॉफ्टवेअरचा पहिला संच बाहेर पडला, त्यांत पास्कल होतें. त्याच महिन्यांत जॉय यांनीं या उपकरणांत सुधारणा करून, जुनींच वाक्यें पुन्हां पुन्हां फाइलींत भरलीं जाऊं नयेत अशी तजवीज केली.

युक्ति मोठी सुंदर आहे. पण तिच्यांत एक सर्प दडलेला आहे. प्रोग्रॅम आणि त्याचीं वाक्यें आतां दोन निराळ्या ठिकाणीं राहतात. समजा, नवी आवृत्ति बसवितांना कोणी प्रोग्रॅम बदलला आणि वाक्यांची फाइल मात्र जुनीच राहूं दिली. प्रोग्रॅम म्हणेल ४,१२५. जुन्या फाइलींत त्या ठिकाणीं निराळेंच वाक्य, किंवा एखाद्या वाक्याचा मधलाच तुकडा असेल. रनटाइम तो बिनदिक्कत छापील. संदेश मुळींच न मिळाला तर माणूस निदान सावध राहतो. चुकीचा संदेश मिळाला, तर तो भलत्या ठिकाणीं चूक शोधीत रात्र घालवितो, आणि बिचाऱ्याला यंत्राचा संशयहि येत नाहीं.

याच युनिक्समध्यें केन टॉम्प्सन यांचा 'ईडी' नांवाचा मजकूर दुरुस्त करण्याचा प्रोग्रॅम होता. तो कोणत्याहि चुकीला एकच उत्तर देई : एक प्रश्नचिन्ह. त्याला ना कोठार पाहिजे, ना फाइल. जाणत्याला तेवढें पुरे, असें त्याचे चाहते म्हणत. म्हणोत बापडे, मी शाळामास्तर आहें, मला तें पटत नाहीं.

१९७७ मध्यें डिजिटल इक्विपमेंट कंपनीनें व्हॅक्स हें यंत्र आणि त्याची व्हीएमएस ही व्यवस्था पुढें आणली, तींत क्रमांकाचा व वाक्याचा संबंध अधिक नीटनेटका बांधलेला होता. प्रत्येक घटनेला ३२ अंकी एक संकेत. त्यांतले शेवटचे तीन अंक ती घटना किती गंभीर आहे तें सांगत, बाकीच्यांत संदेशाचा क्रमांक व बोलणाऱ्या विभागाची खूण. वाक्यें हवीं तर प्रोग्रॅमच्या आंत ठेवा, नाहीं तर निराळ्या फाइलींत ठेवून प्रोग्रॅममध्यें केवळ तिचा निर्देश करा. नुसती ती फाइल बदलून यंत्राला दुसऱ्या देशाच्या भाषेंत बोलतें करतां येई. जागा वांचविण्यासाठीं काढलेली वाट भाषांतराच्या गांवालाहि जाते, हें येथें उमगलेलें दिसतें.

या सर्व कथेंत मला सर्वांत सभ्य वाटतो तो टर्बो पास्कल. बोरलंड कंपनीनें तो १९८३ मध्यें काढला. त्याचा कर्ता ॲन्डर्स हेल्सबर्ग. किंमत पन्नास डॉलरांच्या आंत, आणि आकार इतका आटोपशीर कीं मजकूर लिहिण्याची सोय व कंपायलर दोन्ही मिळून ४० हजार बाइटांच्या आसपास. त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्या सुरू केल्या कीं पहिल्याप्रथम एक प्रश्न विचारीत : चुकांचे संदेश बरोबर घेऊं कां ? 'हो' म्हटलें तर 'टर्बो डॉट एमएसजी' नांवाची फाइल स्मृतींत येई आणि सुमारें दीड हजार बाइटांची जागा घेई. 'नको' म्हटलें तर तेवढी जागा तुमच्या प्रोग्रॅमला मिळे, आणि चूक झाल्यास केवळ क्रमांक दिसे. बर्कलेच्या विद्वानांनीं निर्णय स्वतः घेतला होता, टर्बोनें तो वापरणाऱ्याला विचारून घेतला. पाहुण्याला 'साखर किती घालूं ?' असें विचारण्यासारखेंच तें आहे. ती फाइलहि साध्या अक्षरांत लिहिलेली होती. ज्याला इच्छा होईल त्यानें तींतलीं इंग्रजी वाक्यें खोडून तेथें आपल्या भाषेंतलीं घालावीं, अशी सोय होती.

भाषेचा प्रश्न त्यानंतर सर्वत्रच पुढें आला. १९८० नंतरच्या दशकांत युरोपांतील व अमेरिकेंतील कंपन्यांच्या एक्स-ओपन या मंडळानें संदेशांच्या सूची ठेवण्याची एक सामायिक पद्धति ठरविली. तींत प्रत्येक वाक्याला गटाचा व गटांतील क्रमांक असे, आणि सूची सांपडलीच नाहीं तर छापावयाचें वाक्य प्रोग्रॅमकारानें शेजारींच द्यावें लागे. क्रमांक आले म्हणजे मघांचा सर्पहि आला. सूची एका आवृत्तीची आणि प्रोग्रॅम दुसऱ्या आवृत्तीचा, असें झालें कीं घोटाळा ठरलेला. यावरचा उतारा 'गेटटेक्स्ट' या रीतीनें दिला. ती मुळांत सन कंपनीकडून आली, आणि उल्रिक ड्रेपर यांनीं १९९५ मध्यें तिची ग्नू प्रकल्पासाठीं मुक्त आवृत्ति केली. हिच्यांत क्रमांकच नाहींत. मूळ इंग्रजी वाक्य हीच किल्ली. रनटाइम पहिल्या गरजेच्या वेळीं त्या त्या भाषेची सूची उघडतो आणि विचारतो, 'या वाक्याला तुमच्याकडे काय म्हणतात ?' उत्तर मिळालें तर तें छापतो; सूची नसली, जुनी असली, वाक्य बदललें असलें, तर मूळ इंग्रजी वाक्यच छापून मोकळा होतो. चुकीचें वाक्य बाहेर पडण्याचा मार्गच बंद झाला. मोबदल्यांत इंग्रजी वाक्यें पुन्हां प्रोग्रॅमच्या पोटांत आलीं, ज्यांना घालविण्यासाठीं जॉय यांनीं एवढा खटाटोप केला होता ! पण तोंवर स्मृति स्वस्त झाली होती. माळ्यावरचीं भांडीं खालीं ठेवण्याइतकें स्वयंपाकघर मोठें झालें होतें.

या रीतीच्या सूचींत मराठीचीहि सूची असते. 'एमआर' ही दोन अक्षरें तिची खूण. ग्नोम या मुक्त पडद्याव्यवस्थेचीं वाक्यें अशा सूचींतून मराठींत आलेलीं आहेत. हें काम करणाऱ्यांना कोणत्या संकटांतून जावें लागत असेल, त्याची कल्पना मराठी व्याकरण शिकविणाऱ्याला तत्काळ येते. इंग्रज प्रोग्रॅमकार लिहितो, 'अमुक सांपडलें नाहीं', आणि 'अमुक'च्या जागीं आयत्या वेळीं नांव बसवितो. त्याच्या भाषेंत क्रियापदाला लिंग नाहीं. आपल्याकडे फाइल सांपडली नाहीं, प्रोग्रॅम सांपडला नाहीं आणि पान सांपडलें नाहीं. सूचींत मात्र एकाच वाक्याला जागा ! यंत्राचें मराठी कधीं कधीं कानाला खुपतें त्याचें एक कारण हें आहे. भाषांतरकाराचें अज्ञान हेंच दर वेळीं कारण नसतें.

आतां अलीकडचा भाग. टर्बो पास्कलचे कर्ते हेल्सबर्ग पुढें मायक्रोसॉफ्टमध्यें गेले आणि तेथें सी-शार्प भाषेच्या रचनेचे प्रमुख झाले. ती भाषा ज्या डॉटनेट रनटाइमवर चालते, तो २००२ मध्यें बाहेर पडला. त्यांत प्रत्येक संदेशाला क्रमांकाऐवजीं एक नांव आहे, आणि वाक्यें निराळ्या संग्रहांत. चूक झाली, तिचें वाक्य कोणी मागितलें, कीं संग्रह उघडावयाचा. इतर भाषांचे संग्रह मुख्य ग्रंथाभोंवतीं उपग्रहासारखे असतात आणि त्यांना नांवहि तेंच आहे. थोरल्या यंत्रावर हें ठीक चाललें. पण याच रनटाइमची एक छोटी आवृत्ति हातांत मावणाऱ्या यंत्रांसाठीं २००३ च्या सुमारास निघाली. त्या यंत्रांत जागा तुटपुंजी, म्हणून वाक्यांचा संग्रह ऐच्छिक ठेवला. हवा तर प्रत्येक भाषेचा निराळा बसवावा. बहुतेक यंत्रांवर तो कोण बसविणार ? परिणाम असा झाला कीं, चूक घडली कीं पडद्यावर येई तें या अर्थाचें : संदेश दाखवितां येत नाहीं, कारण तो ज्या ऐच्छिक संग्रहांत आहे तो संग्रह सांपडत नाहीं. काय बिघडलें तें नाहींच. सांगतां कां येत नाहीं, तेवढें मात्र सविस्तर! २००८ मध्यें सिल्व्हरलाइटच्या दुसऱ्या आवृत्तींत हाच रनटाइम न्याहाळकाच्या खिडकींत आला, तेव्हां तो जालावरून लवकर उतरावा म्हणून वाक्यें पुन्हां गाळलीं; तेथें संदेशाचें नुसतें नांव छापून, तेवढ्यावरून पुष्कळदां बोध होतो, असें वर आश्वासन दिलेलें असे.

येथें आणखी एक गहन पेंच आहे, आणि तो सर्व भाषांच्या रनटाइमना सोडवावा लागतो. वाक्य आणण्यासाठीं फाइल उघडावी लागते, आणि फाइल उघडणें हेंहि एक काम आहे. तें करतांना चूक होऊं शकते. समजा, संग्रहाची फाइलच बिघडली आहे. मग तिच्या बिघाडाची एक नवी चूक उत्पन्न होते. त्या चुकीचें वाक्य कोठें आहे ? त्याच बिघडलेल्या संग्रहांत. तें आणावयास जावें तर तीच चूक पुन्हां, आणि असें अखंड. पेटीची किल्ली पेटींतच राहिल्यासारखें हें आहे. डॉटनेटनें यासाठीं पहारा बसविला : या क्षणीं कोणत्या नांवाचा शोध चालूं आहे याची नोंद ठेवावयाची, तेंच नांव शोधांत पुन्हां आलें कीं शोध तोडावयाचा आणि संग्रहांतलें नव्हे तर प्रोग्रॅममध्येंच कोरून ठेवलेलें एक वाक्य बोलावयाचें, कीं शोधाला अंत राहिलेला नाहीं. ओरॅकलच्या एस-क्यू-एल-प्लसलाहि असें एक वाक्य पदरीं बाळगावें लागलें आहे : 'संदेशांची फाइल सांपडली नाहीं' हें वाक्य त्या फाइलींत ठेवून कसें चालेल ?

स्मृति संपल्याची चूक तर याहून बिकट. जागा उरली नाहीं हें सांगावयाला जागा लागते. म्हणून डॉटनेट आणि जावा या दोन्ही रनटाइममध्यें ही चूक दर्शविणारी वस्तु प्रोग्रॅम सुरू होतांनाच, जागा मुबलक असतां, घडवून बाजूला ठेवलेली असते; जसा कांहीं घरांत वडीलधारा माणूस शेवटच्या प्रसंगासाठीं चार पैसे निराळे बांधून ठेवतो आणि कितीहि ओढ लागली तरी त्यांना हात लावीत नाहीं. गरजेच्या वेळीं आणावयाचें, हा नियम सर्व वाक्यांना लावून चालत नाहीं. कांहीं थोडीं वाक्यें गरजेच्या आधींच हाताशीं असावीं लागतात. तीं कोणतीं, हें निवडण्यांत रनटाइम रचणाऱ्याचें खरें कसब दिसतें, असें मला वाटतें.

स्मृति स्वस्त झाली तरी हा वाद संपलेला नाहीं. आतां टंचाई यंत्रांतल्या जागेची नसून, प्रोग्रॅम जालावरून उतरवून घ्यावयाला किती वेळ लागतो, याची आहे. डॉटनेटच्या २०२० मध्यें निघालेल्या पांचव्या आवृत्तीपासून प्रोग्रॅमकाराला अशी एक सोय दिलेली आहे कीं, आपला प्रोग्रॅम छाटून लहान करतांना त्यानें हवें तर रनटाइमचीं सगळीं वाक्यें काढून टाकावीं आणि संदेशांचीं केवळ नांवें ठेवावीं. टर्बो पास्कल हाच प्रश्न विचारीत असे. फरक इतकाच कीं तो वापरणाऱ्याला विचारी, आणि हा प्रोग्रॅमकाराला विचारला जातो. 'नको' असें उत्तर दिलें गेलें असेल, तर चूक झाल्यावर तीं तुटक इंग्रजी नांवें वाचून अर्थ लावण्याचें काम पडद्यासमोर बसलेल्या माणसाकडे येतें. आणि त्याला तें उत्तर देतांना कोणीं विचारलेलें नसतें.